निधी शिल्लक नाही

थकवा धावल्यानंतर येतो, असा न धावणाऱ्यांचा समज आहे. तो धावण्याआधीच येऊन बसलेला असतो. पहाटे साडेचारचा गजर होतो. माणूस सात तास गादीवर आडवा होता आणि त्या सात तासांत कूस बदलण्यापलीकडे त्यानं काहीही केलेलं नाही. तरी पाय कळवतात की आज जमण्यासारखं नाही. पुरावा मागितला तर देत नाहीत. नुसता शेरा मारतात: निधी शिल्लक नाही.

हा शेरा मी चांगला ओळखतो, कारण माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली. मागणी फेटाळणं आणि पैसे नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथं पहिल्या वर्षीच कळतं. जूनमध्ये कुणी खुर्च्यांसाठी फाईल पाठवली, की ‘निधी शिल्लक नाही, प्रस्ताव परत’ असं लिहून ती आल्या वाटेनं धाडायची. पैसे असतात. पण पुढं पावसाळ्यात कुठला साकव वाहून जाईल आणि वरून कुठला आदेश येईल याचा नेम नसतो, म्हणून हात आखडता. मग मार्च येतो. अखर्चित निधी परत जाणार म्हटल्यावर त्याच खुर्च्या दुप्पट संख्येनं रात्री अकरा वाजता मंजूर होतात, आणि जूनमध्ये नाही म्हणणारा माणूसच ‘बिल लवकर द्या’ म्हणून मागे लागतो.

साताऱ्यात धावणाऱ्यांना तोटा नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागणारी हिल मॅरेथॉन इथं सुरू झाली आणि गल्लीगल्लीतून पोटऱ्या दाखवणारी प्रौढ माणसं बाहेर पडायला लागली. आमचा गट बोगद्यापाशी जमतो. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत. त्यामुळे पाऊस ओसरला की मायलेज चढायला लागतं. आठवड्याला चाळीस किलोमीटर, मग पन्नास, मध्ये दिवाळीचा फराळ, मग साठ आणि डिसेंबरात सत्तरच्या वर. ऐकणाऱ्याला वाटतं, यातला रविवारचा तीस-बत्तीस किलोमीटरचा लाँग रन सर्वांत कठीण असेल. तसं नसतं. लाँग रनला सोबत असते, पाणी असतं, संपल्यावर मिसळ असते. कठीण असतो तो मंगळवार. फक्त आठ किलोमीटर, तेही सावकाश. पण रविवार अजून मांड्यांतून उतरलेला नसतो आणि त्याच्यावर मंगळवार चढवायचा असतो. जास्त मायलेजचा सराव म्हणजे हेच. दमलेल्या पायांनी धावायला निघायचं, कारण मॅरेथॉनचा शेवटचा चतकोर भाग कुणालाच ताज्या पायांनी धावायला मिळत नाही.

अशा महिन्यांत धावणारा माणूस घरात लगेच ओळखू येतो. तो जिना उतरताना कठड्याला धरून आडवा उतरतो. सत्यनारायणाला मांडी घालून बसतो, पण आरतीला उठायची वेळ आली की जमिनीवर दोन्ही हात टेकून पाठीमागून वर येतो. तेवढं बघून गुरुजींच्या तोंडची ओळ पुढं सरकत नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख जांभळं होऊन काळं पडलेलं असतं आणि कुणी ‘अरेरे’ म्हटलं की त्याला आतून बरं वाटतं. रात्री जेवून झाल्यावर अकराच्या सुमारास तो उरलेल्या भाताला फोडणी देत असतो. दुपारी बैठकीत साहेब बोलत असताना त्याची मान सावकाश होकारार्थी हलते. साहेबांना तो त्यामुळे फार समंजस वाटतो.

रस्त्यावरची माणसं जास्त चौकस असतात. कासच्या रस्त्याला मागून येणारा दूधवाला हमखास वेग कमी करतो आणि विचारतो, “काय साहेब, गाडी बंद पडली का? बसा, सोडतो.” नको म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. कारण नसताना माणूस पळेल कशाला? आईचा प्रश्नही तोच आहे, फक्त तो तिनं माझ्या बालपणापासून राखून ठेवलाय, “अरे, कोण लागलंय मागं?”

याच रस्त्यांवर पहाटे भरतीची पोरंही पळतात. लष्कर किंवा पोलीस. आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी देणारी अपशिंग्यासारखी गावं आहेत आणि सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचं हे तिथल्या पोराला जन्मतारखेइतकं पाठ असतं. स्वस्तातले बूट, नाहीतर बूटच नाहीत. आमच्या शेजारून वाऱ्यासारखी निघून जातात. एकदा त्यातल्या एकानं मला वळून विचारलं, “काका, तुमची कुठली भरती?” त्याच्या लेखी पळण्याला दुसरं कारण असूच शकत नव्हतं. त्याच्या थकव्यापुढं नोकरी उभी आहे, माझ्यापुढं पदक. माण तालुका आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. दुष्काळी माणमधून तिथवर पोचायला किती मंगळवार गेले असतील, याचा विचार मनात आला की माझे आठ किलोमीटर निमूट सुरू होतात.

हे मायलेजचं खूळ मुळात कुठून आलं, तर न्यूझीलंडमधून. ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा एक गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करायचा. आठवड्याला किती धावलं म्हणजे माणूस मोडतो आणि किती धावलं म्हणजे घडतो, हे त्यानं आधी स्वतःवर करून पाहिलं आणि शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे एकशे साठ किलोमीटरवर, येऊन थांबला. मग आसपासची पोरं हाताशी धरली. दर रविवारी त्यांना वायाटारुआच्या डोंगराळ रस्त्यावरून पस्तीसेक किलोमीटर फिरवून आणायचा. गंमत अशी, की त्यातला पीटर स्नेल शर्यत धावायचा आठशे मीटरची! दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या कामासाठी अडीच तासांचा सराव म्हटल्यावर आमच्या ऑडिटनं कडक आक्षेप घेतला असता. पण १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं आठशे मीटर जिंकली, त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हॅलबर्गनं पाच हजार मीटर जिंकली आणि पुढं बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं कांस्य मिळालं. तेव्हापासून जगभरची माणसं मंगळवारी कण्हतायत.

लिडियार्डचं अर्धंच म्हणणं लोकांनी उचललं. शंभर मैल हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. त्यातले बहुतेक मैल रमतगमत, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा बेतानं धावायचे, हे मात्र राहून गेलं. थकव्यातून रेटून जाणं म्हटलं की दात-ओठ खाणारा, कपाळाच्या शिरा फुगलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते रेटणं फार मिळमिळीत दिसतं. साठीच्या बाया देवदर्शनाला निघाल्यात अशा वेगानं आम्ही घाट चढत असतो आणि विषय असतो महागाई भत्त्याचा. मॅरेथॉन दोन तास एक मिनिटात धावलेला केनियाचा एलियुड किपचोगेही सरावातले सोपे दिवस इतके सावकाश धावतो, की त्या वेळेपुरतं आमच्यासारख्यालाही त्याच्याशेजारी धावता येईलसं वाटतं. अर्थात तो असे दोनशेच्या वर किलोमीटर आठवड्याला करतो, हे वाटणं संपल्यावर आठवतं.

आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आहेत. वय अडुसष्टच्या पुढं, पाय काटक्या, छातीचा भाता शाबूत. घाटाचं प्रत्येक वळण त्यांना माहीत आहे, कारण आयुष्यभर ते त्यांनी रात्रीअपरात्री घेतलेलं आहे. डिसेंबरातल्या एका पहाटे घाटाच्या सुरुवातीलाच मी थांबलो. खाली शहराचे दिवे, समोर अजिंक्यताऱ्याचा काळा आकार, नाकातून वाफा. आठवडा सर्वांत जड होता. मी म्हटलं, “काका, आज नाही जमत.”

“न्हाय जमत तर नका जमवू,” काका म्हणाले. “त्या वळणापातुर या, मग माघारी जाऊ.”

वळणापर्यंत गेलो. काका काही बोलले नाहीत, मीही नाही. थांबायची आठवण पहिल्यानं कुणी करून द्यायची, असा पेच होता. दुसरं वळण आलं. तिथं काकांनी घसा खाकरला. मला वाटलं आता म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, “साहेब, ते रजा रोखीकरणाचं बिल कुठल्या टेबलाला अडकतं ओ?” प्रश्न माझ्या खात्यातला होता. उत्तर देता देता पठार लागलं. वर पोचल्यावर पायांकडं चौकशी केली तर ते ठीक होते. मघाचा शेरा कुणी मारला, हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं.

या शेऱ्याचा शोध दक्षिण आफ्रिकेतल्या टिम नोक्स यांनी घेतला. हे व्यायामशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः कॉम्रेड्ससारखी नव्वदएक किलोमीटरची शर्यत धावलेले, म्हणजे पुस्तकी नव्हेत. त्यांची मांडणी अशी, की थकवा म्हणजे स्नायूंनी टाकलेला राजीनामा नव्हे, ती मेंदूनं लावलेली काटकसर आहे. हृदयाला, मेंदूला इजा पोचायच्या कितीतरी आधी मेंदू स्नायूंचा पुरवठा आवळतो आणि आपल्याला ‘दमलो’ असं वाटायला लावतो. या राखणदाराला त्यांनी ‘सेंट्रल गव्हर्नर’ म्हटलं. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य नाही, वाद चालू आहे. माझा आक्षेप फक्त हुद्द्याबद्दल आहे. गव्हर्नर इतकं बारीक लक्ष घालत नाहीत. आत बसलाय तो कोषागार अधिकारी.

नोक्स यांचा एक मुद्दा तर थेट आमच्या फाईलमधला आहे. शर्यतीत सर्वांत दमलेला माणूस कुठं असायला हवा? शेवटी. मग शेवटच्या किलोमीटरला वेग वाढतो कसा? मुंबईत पेडर रोडच्या चढावर कठडा धरून उभी असलेली, देवाचं नाव घेणारी माणसं मी पाहिलीत. तीच पुढं शेवटची कमान दिसली की छाती काढून, फोटोग्राफरकडं बघत पळतात. हा निधी आला कुठून? तो होताच. काही अघटित घडलं तर, म्हणून राखून ठेवलेला होता. आता अघटित घडायला रस्ताच उरला नाही, तेव्हा मार्चअखेर झाली. माऊलींच्या पालखीत वेळापूरच्या अलीकडं हाच प्रकार दर आषाढात होतो. दोनेक आठवडे चालून टाचा फुटलेल्या असतात, डोक्यावर तुळस, काखेत बोचकं, आणि त्या उतारावर हजारो माणसं धावत सुटतात. त्याला धावाच म्हणतात. पंढरी टप्प्यात आली, एवढं पायांना कळलेलं पुरतं.

कोषागार अधिकाऱ्याला किती कमी लागतं, याचा आणखी एक प्रयोग आहे. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलपटूंना तासाभराची कसोटी दिली आणि मधूनमधून कर्बोदकाच्या पाण्याची चूळ भरायला लावली. चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. पोटात थेंब जाता कामा नये. तरी त्यांचा वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारला. म्हणजे खात्यात पैसा जमा झालाच नाही, नुसतं मंजुरीचं पत्र दिसलं आणि तेवढ्यावर खिडकी उघडली. मी हे गटात सांगितलं. लाँग रनला आमच्याकडं ऊर्जा देणाऱ्या जेलबरोबर कंदी पेढेही असतात. प्रयोग करून पाहायचं ठरलं. पण पेढा तोंडात घेऊन थुंकून टाकणं हे सातारकराच्या हातून होण्यासारखं नव्हतं, त्यामुळे विज्ञान तिथंच थांबलं.

ऑफिसचा थकवा पायात उतरतो ही माझी जुनी तक्रार होती. तिलाही दाखला मिळाला. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातला २००९ चा प्रयोग. सोळा माणसं. एकदा त्यांना दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं, एकदा दीड तास आगगाड्यांचे आणि मोटारींचे माहितीपट दाखवले, आणि दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपट पाहून आलेली माणसं सरासरी साडेबारा मिनिटं टिकली, डोकं शिणलेली पावणेअकरा. हृदय, फुप्फुसं, रक्त यांत फरक सापडला नाही. फक्त शिणलेल्यांना तेच काम जास्त जड वाटत होतं. लेखापरीक्षणाच्या आठवड्यात संध्याकाळी धावायचं नाही, असा नियम मी त्या दिवसापासून केला. लेखापरीक्षक माहितीपट दाखवत नाहीत.

यावरून थकवा म्हणजे थापच, असं कुणी समजेल तर तो अडचणीत येईल. कधीकधी निधी खरोखरच शिल्लक नसतो. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साखरेचा साठा असतो चार-पाचशे ग्रॅम. तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत तो आटायला लागतो. चरबी बक्कळ असते, पण ती मुदतठेव आहे. मोडता येते, चटकन नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत ठेवली होती. सव्वीस मैलांवर ३८५ यार्ड निघाले ते त्यापायी. आज आपण ४२.१९५ किलोमीटर धावतो ते त्याच हिशेबानं. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं आणि हात दिला म्हणूनच तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणीनं त्याला चषक दिला. पण त्या शेवटच्या यार्डांत त्याची मार्चअखेर झाली नाही. खजिना आधीच रिकामा होता.

म्हणून खरं कसब रेटण्यात नाही, शेरा वाचण्यात आहे. आमच्या गटातल्या डॉक्टरीणबाईंनी सोपी खूण सांगितलीय. थकवा सगळ्या अंगभर मोघम पसरलेला असेल, त्याला नेमकं ठिकाण विचारल्यावर उत्तर येत नसेल, तर दोन-तीन किलोमीटर ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येत असेल, नडगीच्या हाडावर, टाचेच्या शिरेवर, तर तिथूनच घरी जायचं. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधी नाडी बघायची. नेहमीपेक्षा बरीच चढलेली असेल, झोप उडालेली असेल, भूक मेलेली असेल, कारण नसताना घरच्यांवर ओरडणं चालू असेल, तर पाय खोटं बोलत नाहीत. शेवटचं लक्षण माझ्या बाबतीत ग्राह्य धरू नये, असं घरच्यांचं मत पडलं.

या सगळ्याची अडचण एकच झाली. दुसऱ्यांचा थकवाही आता वाचता यायला लागलाय. माझ्या मायलेजला मनगटावर घड्याळ आहे, आलेख आहे, रविवारी त्याखाली पंचवीस अंगठे येतात. शर्यतीआधी तीन आठवडे टेपर असतो. मायलेज निम्म्यावर आणायचं, झोपायचं, खायचं, आणि नसलेली दुखणी चाचपत बसायचं. बायकोची शाळेची नोकरी, आईच्या गुडघ्यांचं तेल, बारावीतली मुलगी, पाहुणे, पहाटे पाचचं नळाचं पाणी या सगळ्याचं मायलेज कुठल्याच घड्याळात चढत नाही. तिच्या वेळापत्रकात इझी रन नाही. दमले असंही ती सहसा म्हणत नाही. ‘एवढं आवरते आणि बसते’ म्हणते. मग पुढचं एवढं. वळणावळणानं चढण्याची काकांची युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती.

माझा टेपर सुरू झाला त्या संध्याकाळी मी मन मोठं करून म्हटलं, “तूही टेपर घे. तीन आठवडे काम निम्म्यावर आणू. सकाळचे डबे माझ्याकडं.”

“आणि शर्यत कुठली माझी?” तिनं विचारलं.

“शर्यत कशाला? नुसता टेपर.”

“अहो, शर्यत नसताना जे करतात त्याला आराम म्हणतात,” ती म्हणाली. “आणि शर्यत म्हणाल, तर फेब्रुवारीत बारावी आहे. तुमचा टेपर संपेल तेव्हा आमचा लाँग रन सुरू.”

डब्यांचा प्रस्ताव मात्र तिनं जागच्या जागी मंजूर केला. तोंडी आश्वासनाची किंमत लेखा विभागातल्या माणसाच्या बायकोला ठाऊक असते. तिनं कालनिर्णय काढलं, दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत ‘डबा – हे’ असं लिहिलं आणि पुढं एक बाण ओढला. तो बाण शर्यतीच्या तारखेवर थांबेल, असं मला वाटलं होतं. तिनं पान उलटलं आणि फेब्रुवारीतही तो तसाच पुढं नेला.